साबण आणि स्किनकेअरवरचं ‘ऑर्गॅनिक’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साबण बनवायला आणि शिकवायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : “हा ऑर्गॅनिक आहे ना?” विचारणाऱ्याच्या मनात कधी स्वतःची खाजरी त्वचा असते, कधी घरातलं तान्हं बाळ, कधी शेतात फवारलं जाणारं विष. काळज्या तीन वेगवेगळ्या आणि शब्द एकच. त्या एका शब्दात काय मावतं आणि काय मावत नाही, हे मला वारंवार सांगावं लागतं, म्हणून सगळं एकदा इथे लिहून ठेवते.

‘ऑर्गॅनिक’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द शेतीचा आहे. पीक कसं वाढवलं आणि पुढे कसं हाताळलं, एवढंच तो सांगतो. बहुतेक कृत्रिम कीटकनाशकं आणि तणनाशकं, रासायनिक खतं, सांडपाण्याचा गाळ, जनुकबदल केलेलं बियाणं, मालावर सोडलेले किरण हे सगळं वर्ज्य. अमेरिकेच्या नियमांनुसार वर्ज्य पदार्थ वापरल्याला किमान ३ वर्षं उलटल्याशिवाय त्या जमिनीतलं पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पीक घरात आल्यावरही नियम सुटत नाहीत. तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने काढलं, तर शेत कितीही शुद्ध असलं तरी ते तेल सेंद्रिय राहत नाही. शेत, घाणा, गोदाम, कारखाना या प्रत्येक टप्प्यावर कागद लागतो आणि तपासनीस येतो.

इथून एक साधी गोष्ट निघते. जे शेतात पिकत नाही, रानात उगवत नाही किंवा पाळलेल्या जनावरापासून मिळत नाही, ते ऑर्गॅनिक असूच शकत नाही. पाणी, मीठ, लेपाची माती, झिंक ऑक्साइड, अभ्रकाची चमक, कॉस्टिक सोडा यांतलं काहीही नाही. ‘ऑर्गॅनिक क्ले’ किंवा ‘ऑर्गॅनिक सी सॉल्ट’ असं लिहिलेलं दिसलं, की लिहिणाऱ्याला नियम माहीत नाही किंवा तो पाळायचा नाही, असं मी समजते.

मग शाळेत शिकलेलं ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ कुठलं?

तो वेगळा अर्थ आहे, आणि घोटाळा इथूनच होतो. एकेकाळी असं मानत की काही पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होऊ शकतात, म्हणून त्यांना सेंद्रिय म्हटलं गेलं. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि ती भिंत पडायला सुरुवात झाली. आज रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या अर्थाने खनिज तेलापासूनचं पेट्रोलियम जेलीही सेंद्रिय आणि कोरड्या त्वचेच्या क्रीममधला युरियाही सेंद्रिय. लेबलवरच्या ‘ऑर्गॅनिक’चा या अर्थाशी काही संबंध नाही. कुणी विक्रेता ‘रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे ऑर्गॅनिकच आहे’ असं सांगू लागला, तर तिथेच थांबा.

साबण शंभर टक्के ऑर्गॅनिक असू शकतो का?

नाही. खरा साबण, म्हणजे तेल आणि अल्कली (वडीसाठी कॉस्टिक सोडा) यांच्या संयोगातून झालेला, शंभर टक्के ऑर्गॅनिक होऊ शकत नाही. हे मी माझ्या प्रत्येक वर्गात काट्यावर दाखवते.

काट्यावर १००० ग्रॅम सेंद्रिय ऑलिव्ह तेल घ्या. त्याचा पूर्ण साबण व्हायला साधारण १३४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात सोडला की भांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि वाफ थेट घशाला लागते. (म्हणून सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.) हे पाणी थंड करून तेलात ओतलं आणि घुसळत राहिलं, की मिश्रण आधी दुधाळ होतं, मग दाटत जातं. घुसळणी उचलल्यावर पडणारी धार वरच्या वर उमटून राहिली, की ओतायचं साच्यात. पुढे ४ ते ६ आठवडे वड्या हवेशीर जागी सुकत ठेवायच्या.

आता हिशेब. पाणी यात धरत नाहीत. १००० भाग सेंद्रिय आणि १३४ भाग सोडा, म्हणजे सेंद्रिय भाग भरला ८८ टक्के. खोबरेल तेलाला सोडा जास्त लागतो, १००० ग्रॅमला साधारण १८३ ग्रॅम. तिथे आकडा साडेचौऱ्याऐंशीवर येतो. वडी मऊ राहावी म्हणून आपण थोडं तेल मुद्दाम सुटं ठेवतो, त्याने साधारण अर्धा-पाऊण टक्का वाढतो. बनवणारा कितीही प्रामाणिक असू दे आणि तेल कितीही उत्तम असू दे, ९५ टक्क्यांची रेषा साध्या साबणाला ओलांडता येत नाही, कारण सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनवतात, तो कुठल्या झाडाला लागत नाही. अमेरिकेच्या शेती खात्याची, म्हणजे यूएसडीएची, गोल मोहोर ९५ टक्क्यांच्या वरच्यांना मिळते. त्यामुळे साबणाच्या वडीवर तशी मोहोर दिसली, तर ती कशी मिळाली हे विचारायला हवं. ७० टक्क्यांच्या वर असलेल्या प्रमाणित साबणाला ‘सेंद्रिय तेलांपासून बनवलेला’ असं लिहिता येतं, मोहोर लावता येत नाही. ‘१०० टक्के ऑर्गॅनिक साबण’ हे शब्द दिसले की मी वडी परत खाली ठेवते.

म्हणजे वडीत कॉस्टिक सोडा असतो?

मापं बरोबर असतील आणि वडी नीट सुकली असेल, तर सुटा सोडा उरत नाही. सोडा तेलाशी संयोग होऊन संपतो आणि त्यातून साबण आणि ग्लिसरीन होतं. म्हणूनच एकाच साबणाची यादी दोन पद्धतींनी लिहिलेली दिसते. एक कारखाना लिहितो ‘ऑलिव्ह तेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड’, म्हणजे भांड्यात काय घातलं ते (सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजेच कॉस्टिक सोडा). दुसरा लिहितो ‘सोडियम ऑलिव्हेट, ग्लिसरीन’, म्हणजे भांड्यातून काय निघालं ते (सोडियम ऑलिव्हेट म्हणजे ऑलिव्ह तेलाचा साबण). पहिली यादी वाचून घाबरायचं कारण नाही आणि दुसरी जास्त सौम्य असं मानायचंही नाही.

टक्के मोजतात कसे? एका ब्रँडचे २२ आणि दुसऱ्याचे ९९, म्हणजे दुसरा चांगला?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून एक बाटली उघडूनच दाखवते. १०० ग्रॅम साधं लोशन धरा. पाणी ६५ ग्रॅम, सेंद्रिय सूर्यफूल तेल १४, सेंद्रिय शिया बटर ८, पाणी आणि तेल एकजीव ठेवणारा वनस्पतिजन्य घटक ६, वनस्पतिजन्य ग्लिसरीन ५, प्रिझर्व्हेटिव्ह १ आणि उरलेला १ ग्रॅम व्हिटॅमिन ई वगैरे.

पहिला हिशेब : सगळ्या बाटलीत सेंद्रिय किती? २२ ग्रॅम, म्हणजे २२ टक्के.

दुसरा हिशेब : पाणी वगळा. राहिले ३५ ग्रॅम, त्यात २२ सेंद्रिय. झाले जवळजवळ ६३ टक्के.

तिसरा हिशेब : ‘नैसर्गिक उगमाचं’ किती? पाणी निसर्गातलंच, ते धरा. तेलं, ग्लिसरीन, एकजीव ठेवणारा घटकही झाडांपासूनचे, तेही धरा. बाहेर राहिला प्रिझर्व्हेटिव्ह. झाले ९९ टक्के.

बाटली तीच, आतला थेंबही बदललेला नाही, आणि तिन्ही आकड्यांत खोटं काही नाही. आयएसओ १६१२८ नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे (पहिला भाग २०१६, दुसरा २०१७). ती तिसऱ्या प्रकारचे आकडे काढायची रीत सांगते, आणि तिच्यात पाणी नैसर्गिक धरलं जातं. ती प्रमाणपत्र नाही आणि लेबलवर काय लिहावं हे ती सांगत नाही. तरी ‘९९ टक्के नैसर्गिक उगम’ ही ओळ पुढे मोठ्या अक्षरांत येते आणि ग्राहक ती ‘९९ टक्के ऑर्गॅनिक’ अशी वाचतो. टक्के दिसले की दोन गोष्टी विचारा : कशाचे टक्के, आणि पाणी धरून की सोडून?

मग कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा?

खूण प्रमाणन संस्थेची असेल आणि तिचे नियम कुणालाही वाचता येत असतील, तर ठेवा. मुख्य खुणा अशा.

यूएसडीए ऑर्गॅनिक मुळात अन्नासाठीची पद्धत आहे, तिचे नियम २००२ पासून अमलात आले. २००५ मध्ये त्या खात्याने स्पष्ट केलं, की सौंदर्यप्रसाधनं त्याच कसोटीला उतरत असतील तर त्यांनाही प्रमाणपत्र मिळेल. कसोटी अन्नाचीच असल्यामुळे फार कडक आहे. लोशनला लागणारे बरेच घटक तिथे चालतच नाहीत. म्हणून ही मोहोर मलम, लिपबाम, नुसतं तेल अशा बिनपाण्याच्या वस्तूंवर जास्त दिसते. वरचं आपलं लोशन इथे पाणी वगळून ६३ टक्क्यांवर आलं, म्हणजे ७०च्याही खाली. त्याच्या पुढच्या बाजूला ‘सेंद्रिय घटकांपासून’ असंही लिहिता येणार नाही, सेंद्रिय घटकांचा उल्लेख फक्त घटकयादीत करता येईल.

कॉसमॉस हे युरोपातलं मानक खास सौंदर्यप्रसाधनांसाठी बांधलेलं आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ब्रिटनमधल्या पाच संस्थांनी (बीडीआयएच, कॉस्मेबिओ, इकोसर्ट, आयसीईए आणि सॉइल असोसिएशन) आपापले नियम एकत्र करून ते तयार केलं. त्याची ऑर्गॅनिक पातळी मिळवायला, ज्या शेतमालावर फक्त दाबणं, दळणं अशा भौतिक प्रक्रिया झाल्या आहेत त्यातला किमान ९५ टक्के सेंद्रिय हवा, आणि सगळ्या वस्तूच्या वजनात किमान २० टक्के सेंद्रिय हवं. धुऊन टाकायच्या वस्तूंना ही दुसरी अट १० टक्क्यांची आहे, कारण शॅम्पूत पाणीच जास्त असतं. आपलं लोशन २२ टक्क्यांवर ही वजनाची अट पार करतं. मला या मानकाची एक गोष्ट मनापासून आवडते : एकूण वस्तूत किती टक्के सेंद्रिय, हा आकडा लेबलवर छापावाच लागतो. एक मात्र लक्षात ठेवा. ‘कॉसमॉस नॅचरल’ ही खालची पातळी आहे, तिच्यात सेंद्रिय घटकाची किमान अट नाही. दोन्ही खुणा दुरून सारख्या दिसतात.

याशिवाय युरोपातली नाट्रू ही खूण आहे, आणि अमेरिकेत एनएसएफ/एएनएसआय ३०५ हे प्रसाधनांचं मानक आहे. ‘सेंद्रिय घटक असलेलं’ असं म्हणायला या अमेरिकी मानकात ७० टक्के लागतात.

हिरवं पान, दवाचा थेंब, गोलात ‘प्युअर ऑर्गॅनिक’ अशी चित्रं कंपनीच्या डिझायनरने काढलेली असतात. त्यांच्यामागे तपासणी नसते.

सरकार हा शब्द असा मोकळा कसा सोडतं?

अन्नाच्या बाबतीत सोडत नाही, साबण-क्रीमच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी सोडलेला आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, सौंदर्यप्रसाधनांसाठी ‘ऑर्गॅनिक’ची व्याख्या केलेली नाही. कॅलिफोर्नियात २००३ च्या कायद्याने ऑर्गॅनिक म्हणून विकायच्या प्रसाधनाला ७० टक्क्यांची अट घातली आहे. युरोपीय संघातही अन्नावरचं सेंद्रिय पानाचं चिन्ह प्रसाधनांना लावता येत नाही. तिथे २०१३ च्या एका नियमानुसार प्रसाधनावरचा कुठलाही दावा खरा आणि पुराव्यानिशी असावा लागतो, आणि तोच नियम ऑर्गॅनिकलाही लागू होतो.

दावा खोटा ठरला तर कारवाई होतेही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या एका प्रकरणात ‘१०० टक्के ऑर्गॅनिक’ म्हणून माल विकणाऱ्या एका कंपनीला १७ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. तिच्या काही मालात सेंद्रिय घटक एकही नव्हता.

साबणाची गंमत अजून वेगळी आहे. अमेरिकेत तेल-अल्कलीचा खरा साबण, फक्त साबण म्हणून विकला, तर तो कायद्याने प्रसाधन मानलाच जात नाही. त्याच्यावर घटकयादी छापायचं बंधनही राहत नाही. त्याच वडीवर ‘त्वचा मऊ करतो’ असं लिहिलं की ती प्रसाधन होते. म्हणून काही वड्यांवर यादी नसते. ज्याने सक्ती नसताना यादी छापली, त्याच्याबद्दल माझं मत चांगलं होतं.

लेबल मागून कसं वाचायचं?

एकदा एक ताई वर्गात रिकामी बाटली घेऊन आल्या. पुढे सोनेरी अक्षरांत ‘ऑर्गॅनिक ॲलो’. त्यांना पुरळ आलं होतं आणि ‘ऑर्गॅनिकने कसं आलं?’ असं त्या कळवळून विचारत होत्या. आम्ही बाटली उलटी करून खिडकीशी धरली, अक्षरं इतकी बारीक होती. पहिलं पाणी, मग खनिज तेल, ग्लिसरीन, सिलिकॉन, पुढे फिनॉक्सिइथेनॉल, मग परफ्युम, आणि त्याच्याही पुढे चांदणीची खूण (यादीत सेंद्रिय घटकापुढे लावतात ती) लावलेली ॲलोची पावडर. सगळ्या यादीत चांदणी तेवढी एकच.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल या प्रिझर्व्हेटिव्हला युरोपात १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे यादीत ते नाव आलं की त्याच्यापुढचं सगळं साधारण १ टक्क्याच्या आतलं समजायचं. त्या बाटलीत ॲलो अगदी थोडं होतं. ते सेंद्रिय असेलही, पण बाकीची बाटली काय होती हे पुढच्या सोनेरी अक्षरांनी झाकलं होतं.

तेव्हा आधी चांदण्या मोजा, मग त्या यादीत कुठे आहेत ते बघा, आणि मग यादीखाली ‘सेंद्रिय शेतीतून’ या ओळीबरोबर प्रमाणन संस्थेचं नाव आहे का ते शोधा.

फुलांचं पाणी, कोरफडीचं पाणी यांचं काय?

टक्के फुगवायची ही जुनी वाट आहे. साध्या पाण्याऐवजी मूठभर सेंद्रिय फुलांत मुरवलेलं पाणी वापरायचं आणि ते सगळं सेंद्रिय म्हणून मोजायचं. ६५ ग्रॅम पाण्याचे एका फटक्यात ६५ टक्के सेंद्रिय! कॉसमॉसच्या सूत्रात म्हणूनच पाणी वजा करून वनस्पतीचाच वाटा धरतात. यादीची सुरुवात फुलाच्या पाण्याने होत असेल आणि खूण कुणाचीच नसेल, तर टक्क्यांकडे दुर्लक्ष करा.

ऑर्गॅनिक क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह कसं चालतं?

चालतं, आणि असायलाच हवं. जिथे पाणी आहे तिथे जंतू आणि बुरशी वाढणार, तेल कितीही सेंद्रिय असलं तरी. कॉसमॉसमध्ये बेंझॉइक, सॉर्बिक, सॅलिसिलिक आणि डीहायड्रोॲसिटिक आम्ल, त्यांचे क्षार आणि बेंझिल अल्कोहोल असे मोजकेच चालतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून जपतं, जंतू मारत नाही. या दोन कामांची गल्लत करून लोक घरी लोशन बनवतात आणि महिनाभर वापरतात, याची मला खरोखर भीती वाटते. ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ पाण्याचं क्रीम तान्ह्या बाळाला लावू नका. प्रिझर्व्हेटिव्ह नकोच असेल तर बिनपाण्याचं मलम किंवा नुसतं तेल घ्या. आणि त्या डब्यात ओला हात घालू नका.

ऑर्गॅनिक म्हणजे त्वचेला सौम्य, बरोबर ना?

हा समज मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्यापायी त्रास होतो. सेंद्रिय लॅव्हेंडरच्या तेलातही लिनालूल हे वासाचं द्रव्य असतं आणि साध्याच्याही. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन दोन्हींत सारखंच. हवा लागून ही दोन्ही द्रव्यं बदलतात आणि ॲलर्जी आणू शकतात. म्हणून युरोपात ठराविक प्रमाणापुढे ती यादीत वेगळी छापावी लागतात. झाडाला शेतकऱ्याने काय घातलं, यावर हे ठरत नाही, ते झाडाच्या स्वभावातच आहे.

साबणाचंही तेच. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी, त्वचेचा पृष्ठभाग साधारण ५ च्या आसपास आम्लधर्मी. तेल सेंद्रिय घेतल्याने साबणाचा पीएच खाली येत नाही. एक्झिमा असलेल्या किंवा फार कोरड्या त्वचेला माझा उत्तम सेंद्रिय तेलाचा साबणही चुरचुरतो, तेव्हा मी स्वतःच त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं बिनवासाचं क्लिन्झर वापरा म्हणते. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघा.

‘नॅचरल’, ‘व्हीगन’, ‘क्रुएल्टी-फ्री’, ‘केमिकल-फ्री’?

व्हीगन म्हणजे प्राणिजन्य घटक नाहीत. क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही. सेंद्रिय मधमाश्यांचं मेण ऑर्गॅनिक आहे पण व्हीगन नाही, खनिज तेल व्हीगन आहे पण ऑर्गॅनिक नाही. ‘नॅचरल’ला बहुतेक ठिकाणी कायद्याची व्याख्या नाही. ‘केमिकल-फ्री’ तर शक्यच नाही, पाणीही रसायनच आहे.

मग ऑर्गॅनिक घ्यायचं तरी कशासाठी?

शेतासाठी, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी. साबण अंगावर मिनिटभर राहतो आणि मोरीत वाहून जातो, त्यातल्या तेलाच्या सेंद्रिय असण्याने तुमच्या त्वचेत काही फरक पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ज्या जमिनीत ते तेलबी पिकलं, तिथली माती, विहीर, मधमाश्या आणि मजूर यांना मात्र फरक पडतो. मी सेंद्रिय तेल विकत घेते ते याच कारणासाठी, आणि मला ते पुरेसं मोठं वाटतं. ऐपतीप्रमाणे निवडायचं असेल, तर ज्या वस्तूत तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे तिथे आधी निवडा : नुसतं अंगाला लावायचं तेल, मलम, शिया बटर. पाणीच जास्त असलेल्या लोशनमध्ये त्याच पैशातून शेतापर्यंत फार थोडं पोहोचतं.

छोटा साबणकार ‘सेंद्रिय तेल वापरतो’ म्हणतो, पण प्रमाणपत्र नाही. तो खोटा आहे का?

तसं नाही. प्रमाणपत्राचा वार्षिक खर्च आणि कागदपत्रं घरगुती कारखान्याला झेपत नाहीत. पण तेल विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र असायलाच हवं. त्याची प्रत मागा. तिच्यावर प्रमाणन संस्थेचं नाव, मुदतीची तारीख आणि त्याच तेलाचं नाव आहे का ते बघा. यूएसडीएची प्रमाणपत्रधारकांची यादी तर इंटरनेटवर कुणालाही तपासता येते. प्रामाणिक साबणकार प्रत लगेच दाखवतो, कारण ती त्याने स्वतःसाठी आधीच मागून घेतलेली असते.

माझ्याकडेही वस्तूचं प्रमाणपत्र नाही. वडीच्या पुढच्या बाजूला मी तेलांची नावं लिहिते आणि ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द लिहीत नाही. मागे घटकयादीत ज्या तेलाचा कागद माझ्या फायलीत आहे, त्याच्यापुढे ‘सेंद्रिय’ लिहिते आणि सोडियम हायड्रॉक्साइडही लिहिते. गेल्या खेपेला ऑलिव्ह तेलाच्या पुरवठादाराच्या कागदाची मुदत संपलेली निघाली. नवा कागद येईपर्यंत त्या तेलाच्या वड्यांवरचा ‘सेंद्रिय’ मी पेनाने खोडून दिला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला का खोडला ते सांगितलं.